ग्रँड टीटॉनवरील आरोहण: एक्झम धार, ओवेन-स्पॉल्डिंग मार्ग आणि परतीची वाट

अमेरिकेतील वायोमिंग राज्यात जॅक्सन होल नावाचे सपाट खोरे आहे. त्याच्या पश्चिम कडेला टीटॉन पर्वतरांग एकदम उभी राहते; पायथ्याशी टेकड्यांचा पदर नाही. टीटॉन प्रस्तरभंगाच्या एका बाजूचा भूभाग वर सरकत गेला आणि दुसऱ्या बाजूचा खाली खचत गेला, त्यामुळे रांगेची पूर्व बाजू अशी कापल्यासारखी दिसते. या रांगेतील सर्वांत उंच शिखर ग्रँड टीटॉन. त्याची उंची १३,७७५ फूट (४,१९९ मीटर) आहे. चढाई जिथून सुरू होते तो लुपिन मेडोजचा वाहनतळ सुमारे ६,७०० फुटांवर आहे. म्हणजे माथ्यासाठी जवळपास ७,००० फूट चढायचे आणि तेवढेच उतरायचे असते.

माथ्यावर जाणाऱ्या सर्वांत रुळलेल्या दोन मार्गांची अवघडपणाची श्रेणी कागदावर ५.४ आणि ५.५ आहे (या मोजपट्टीत ५.१० ही ५.५ पेक्षा बरीच वरची श्रेणी). कृत्रिम भिंतीवर ५.१० सहज चढणाऱ्या आरोहकाला हे आकडे किरकोळ वाटतात आणि गैरसमजाची सुरुवात इथेच होते. या पर्वतावर एखादी अवघड चाल कुणाला अडवत नाही. अडवते ती अंधारात वाट न सापडणे, प्रत्येक टप्प्यावर दोर लावण्यात गेलेला वेळ, सावलीतल्या कातळावर गोठलेले पाणी आणि दुपारच्या विजा. म्हणून या लेखात चालींच्या वर्णनापेक्षा वाट, वेळ आणि उतरण यांना अधिक जागा दिली आहे. ज्यांना लीड करता येते, म्हणजे दोर घेऊन पुढे चढता येते, भेगेत बसवायची नट आणि कॅम ही साधने लावून स्वतःचा अँकर (दोर बांधण्याचा आधार) उभारता येतो आणि रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा पक्का सराव आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांचा असा सराव नाही त्यांनी परवानाधारक मार्गदर्शक संस्थेबरोबर जावे. त्या संस्था शिखरावर नेण्याआधी साधारणपणे सरावाचे दिवस ठेवतात, आणि ते दिवस टाळू नयेत.

मार्गाची निवड

ओवेन-स्पॉल्डिंग हा शिखराच्या पश्चिम अंगाचा मार्ग आहे. ११ ऑगस्ट १८९८ रोजी विल्यम ओवेन, फ्रँकलिन स्पॉल्डिंग, फ्रँक पीटरसन आणि जॉन शाइव्ह हे चौघे याच वाटेने माथ्यावर पोहोचले. १८७२ साली लँगफर्ड आणि स्टीव्हन्सन यांनीही माथा गाठल्याचा दावा केला होता आणि त्यावरून पुढे मोठा वाद झाला. त्या दोघांनी शेजारच्या एन्क्लोजर या उपशिखरावर उभ्या दगडांचे एक वर्तुळ पाहिले होते. ते मूळनिवासी लोकांनी रचले असावे असे मानले जाते, म्हणजे एवढ्या उंचीवर त्यांच्याही आधी माणूस येऊन गेला होता. हा मार्ग ५.४ श्रेणीचा असून उतरण्यासाठीही हाच वापरला जातो. त्यामुळे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने चढलात तरी याचा वरचा भाग माहीत असावाच लागतो.

अप्पर एक्झम ही शिखराच्या दक्षिण धारेची वरची अर्धी बाजू आहे आणि तिची श्रेणी ५.५ आहे. १५ जुलै १९३१ रोजी ग्लेन एक्झम या तरुणाने ती एकट्याने, दोराविना चढली. त्या दिवशी मार्गदर्शक पॉल पेट्झोल्ट आपल्या पाहुण्यांना ओवेन-स्पॉल्डिंगने नेत होते. समोर कड्यात दिसणारी कातळाची रुंद फळी कुठे जाते ते पाहून ये, असे त्यांनी एक्झमला सुचवले. पेट्झोल्ट यांचे मापाने मोठे असलेले फुटबॉलचे बूट घालून एक्झम त्या फळीच्या टोकापर्यंत गेला, तुटलेल्या जागेवरून पलीकडे उडी घेतली आणि धार चढून माथ्यावर पोहोचला. त्याच दिवशी रॉबर्ट अंडरहिल आणि त्यांचे सोबती आग्नेय धारेने वर आले. ती धार आज अंडरहिल रिज म्हणून ओळखली जाते.

या दोन मार्गांपैकी निवड करताना श्रेणीपेक्षा ऊन आणि सावली पाहावी. एक्झम धार दक्षिणेकडे असल्याने तिला सकाळी ऊन मिळते. कातळ लवकर कोरडा होतो आणि बोटे बधिर होत नाहीत. ओवेन-स्पॉल्डिंगचा महत्त्वाचा भाग पश्चिमेला असल्याने सकाळभर सावलीत राहतो, आणि दिवसा वितळलेले पाणी पहाटे तिथल्या चिमण्यांमध्ये, म्हणजे कातळातील अरुंद उभ्या फटींमध्ये, काचेसारखा पातळ बर्फ होऊन बसते. कातळ कोरडा असताना जो मार्ग सोपा, तोच बर्फ असताना दोघांतला अधिक धोकादायक ठरतो. दुसरी बाजू अशी की ओवेन-स्पॉल्डिंगवरून कोणत्याही क्षणी आल्या वाटेने मागे फिरता येते. एक्झमवर त्या रुंद फळीचे, म्हणजे वॉल स्ट्रीटचे, टोक ओलांडल्यावर माघार जड जाते, कारण तिथून सुटकेचा सर्वांत सोयीचा रस्ता बहुतेक वेळा माथ्यावरूनच असतो. हवामान स्थिर असेल आणि जोडी वेगवान असेल, तर माझी पसंती निःसंशय एक्झमला आहे. आकाशाबद्दल थोडीही शंका असेल तर ओवेन-स्पॉल्डिंग घ्यावा, आणि शंका मोठी असेल तर त्या दिवशी लोअर सॅडल या शिखराखालच्या खिंडीच्या वर जाऊच नये.

हंगाम, परवाने आणि साहित्य

कोरड्या कातळाचा हंगाम साधारणपणे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. जुलैच्या पूर्वार्धात लोअर सॅडलखालच्या उभ्या चढावर आणि वरच्या घळींमध्ये बर्फ असतो, तेव्हा आइस अॅक्स (बर्फकुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली लावायचे काटे) लागतात आणि ते वापरण्याचा सरावही लागतो. ऑगस्टमध्ये बर्फ ओसरतो, मात्र मोकळे झालेले दगड घरंगळण्याचे प्रमाण वाढते.

हे शिखर ग्रँड टीटॉन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. एका दिवसात चढून परतणाऱ्याला चढाईचा वेगळा परवाना लागत नाही. रात्रीचा मुक्काम करायचा असेल तर बॅककंट्री परवाना बंधनकारक आहे आणि तो ठरावीक मुक्कामक्षेत्रासाठीच मिळतो. शिखराकडे नेणाऱ्या गार्नेट कॅन्यन या दरीतील जागांना फार मागणी असते. काही जागा आधी ऑनलाइन आरक्षित करता येतात, उरलेल्या प्रत्यक्ष येणाऱ्यांना दिल्या जातात. उन्हाळ्यात जेनी लेक रेंजर स्टेशनवर आरोहणाचा अनुभव असलेले रेंजर असतात. कोणत्या घळीत बर्फ आहे, एक्झमवरचा अवघड टप्पा, फ्रिक्शन पिच, कोरडा आहे का, मुख्य रॅपलचे अँकर कसे आहेत, हे त्यांना त्या आठवड्याचे माहीत असते. आदल्या दिवशी तिथे अर्धा तास घालवणे हा या मोहिमेतील सर्वांत फायद्याचा अर्धा तास आहे.

उद्यानात काळी आणि ग्रिझली अशी दोन्ही अस्वले आहेत, त्यामुळे अन्न अस्वलरोधक डब्यात किंवा मुक्कामावर दिलेल्या पेटीतच ठेवावे. वरच्या मुक्कामांवर अस्वलापेक्षा मार्मोट या खारीच्या कुळातील प्राण्याचा उपद्रव अधिक असतो. घामाच्या खारटपणासाठी तो पाठपिशवीचे पट्टे आणि काठ्यांच्या मुठीही कुरतडतो. मानवी विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी लागते. त्या पिशव्या रेंजर स्टेशनवरून घेऊन ठेवाव्यात.

साहित्याबाबत नियम एकच: जे वापरायचे नाही ते वर न्यायचे नाही, कारण जड पाठपिशवी म्हणजे मंद चाल. दोघांच्या जोडीला मध्यम आकाराच्या नटांचा एक संच, बोटाच्या जाडीपासून मुठीच्या रुंदीपर्यंतचे चार-पाच कॅम, सात-आठ लांब स्लिंग, अँकरसाठी कॉर्डलेट (बारीक दोर), बिले उपकरण (सोबत्याचा दोर धरून ठेवण्याचे) आणि रॅपलच्या वेळी सुरक्षेसाठी दोरावर आवळला जाणारा प्रूसिकचा फास पुरतो. हेल्मेट वाहनतळापासून नव्हे, पण लोअर सॅडलपासून नक्की डोक्यावर असावे. या दोन मार्गांना प्रस्तरारोहणाचे घट्ट बूट लागत नाहीत. चिकट तळव्याचे अॅप्रोच शूज पुरतात आणि त्यांनी चालणेही होते. धारेची खालची, अवघड बाजू म्हणजे लोअर एक्झम करायचा असेल तर मात्र घट्ट बूट सोबत घ्यावेत. दोराची लांबी उतरणीवर ठरते, त्याविषयी पुढे येईल. कपड्यांत वारारोधक जॅकेट, उबदार थर आणि पातळ हातमोजे हवेत, कारण ऑगस्टच्या पहाटेही खिंडीत हात गारठतात.

समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्याने थेट येऊन दुसऱ्या दिवशी चढाई सुरू करू नये. खोऱ्यात दोन-तीन दिवस राहावे आणि मधल्या काळात एखादी छोटी चढाई करावी. शेजारच्या मिडल टीटॉन शिखराची नैऋत्य घळ यासाठी उत्तम आहे. ती गार्नेट कॅन्यनच्याच दक्षिण शाखेतून जाते, त्यामुळे खालची वाट ओळखीची होते आणि माथ्यावरून ग्रँड टीटॉनची दक्षिण बाजू समोर उलगडते. एक्झम धार, वॉल स्ट्रीट आणि घळींची रचना तिथून नीट न्याहाळून घ्यावी. मुक्कामासाठी खोऱ्यात अमेरिकन अल्पाइन क्लबची क्लाइंबर्स रँच आहे. तिथे इतर आरोहकांकडून ताजी माहिती आपसूक मिळते.

लुपिन मेडोज ते लोअर सॅडल

वाहनतळावरून निघालेली वाट आधी जंगलातून, मग वळणे घेत उघड्या उतारावर चढते. सुमारे ३ मैलांवर (४.८ किलोमीटर) फाटा येतो. उजवी वाट सरप्राइज आणि अँफिथिएटर तलावांकडे जाते, डावी गार्नेट कॅन्यनमध्ये शिरते. अंधारात निघालेल्या कित्येकांनी इथे चुकून तलावाची वाट धरली आहे, म्हणून पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. डाव्या वाटेवर आणखी साधारण एक मैल गेल्यावर बांधीव पायवाट मोठ्या धोंड्यांच्या राशीत संपते. धोंड्यांवरून पुढे गेले की सुमारे ९,२०० फुटांवर मेडोज हे सपाट कुरण लागते. समोर मिडल टीटॉन उभा असतो आणि त्याच्या अंगावरून उभी उतरलेली डायबेस खडकाची काळी पट्टी लक्ष वेधून घेते.

मेडोजला दरीच्या दोन शाखा होतात. ग्रँड टीटॉनसाठी उत्तर शाखा घ्यायची. वाट स्पॉल्डिंग धबधब्याच्या उजवीकडून वळणे घेत चढते, पेट्झोल्ट केव्ह्ज या मुक्कामाजवळून जाते आणि हिमोढाच्या दगडगोट्यांवर, म्हणजे मोरेन मुक्कामावर पोहोचते. तिथून लोअर सॅडलची भिंत दिसते. खिंडीखालचा शेवटचा टप्पा उभा आहे आणि तिथे एक जाड दोर कायमचा लावलेला असतो. तो धरून चढणे सोपे आहे, पण दोराची अवस्था आधी डोळ्यांनी तपासावी आणि सारा भार त्यावर टाकू नये. हंगामाच्या सुरुवातीला हाच उतार कठीण बर्फाचा असतो आणि तिथे घसरल्यास खालच्या दगडांपर्यंत थांबायला काही नसते.

लोअर सॅडल ११,६०० फुटांवर, ग्रँड आणि मिडल टीटॉन यांच्यामधली रुंद खिंड आहे. रेंजर आणि मार्गदर्शक संस्था यांची छोटी निवाऱ्याची ठाणी तिथे आहेत. वाहनतळापासून सात मैलांहून थोडे अधिक अंतर आणि जवळपास ५,००० फूट चढ असल्याने ओझे घेऊन पाच ते सात तास लागतात. मुक्काम कुठे करावा यावर मतभेद आहेत. खिंडीत राहिल्यास शिखराच्या दिवशी वेळ वाचतो, पण वारा रात्रभर तंबू झोडपतो, उंचीमुळे झोप लागत नाही आणि सारे ओझे वरपर्यंत न्यावे लागते. मोरेन किंवा केव्ह्ज इथे राहिल्यास झोप बरी लागते आणि सकाळी एक-दोन तास अधिक चालावे लागते. पहिल्यांदा येणाऱ्याला मी मोरेन सुचवेन. वर जाताना खिंडीत बर्फाचे पाणी मिळाले तर ते शुद्ध करून बाटल्या भरून घ्याव्यात, कारण खिंडीच्या वर पाण्याचा भरवसा नाही. माणशी दोन ते तीन लिटर पाणी सोबत असावे.

एका दिवसात जाऊन येणारे रात्री एक ते तीनच्या दरम्यान वाहनतळावरून निघतात आणि बारा ते अठरा तासांनी परततात. ज्यांनी आधी हा मार्ग पाहिलेला नाही त्यांनी या फंदात पडू नये. दमलेल्या पायांनी अनोळखी उतरण करणे ही या शिखरावरची सर्वांत वाईट अवस्था आहे.

लोअर सॅडलच्या वर: वाट चुकण्याची जागा

खिंडीतून पहाटे तीन-चारला निघावे. सुरुवातीची वाट स्पष्ट आहे. ती उत्तरेकडे रुंद घसाऱ्यावरून चढते, कातळातली काळी पट्टी ओलांडते आणि पुढे नीडल या ठसठशीत सुळक्यापाशी येते. इथून डोंगर अनेक घळींमध्ये विभागला जातो आणि मधोमध एक कातळाची कणा-धार वर जाते. प्रत्येक घळीत पायवाटेसारखे काहीतरी दिसते, कारण प्रत्येकीत कुणी ना कुणी चुकून गेलेले असते. रुळलेली वाट नीडलच्या डाव्या, म्हणजे पश्चिम अंगाने जाते. त्या भागात मोठ्या दगडांखालून सरपटत जाण्याची एक भोकासारखी जागा आहे, तिला आय ऑफ द नीडल म्हणतात. ती सापडली तर आपण बरोबर आहोत अशी खात्री बाळगावी. ती सापडली नाही आणि हातांना अवघड कातळ लागू लागला, तर पुढे रेटू नये. थोडे खाली येऊन पुन्हा शोधावे. अप्पर सॅडलपर्यंतची वाट झटापट करत चढण्याची असली तरी सलग दोर लावण्याइतकी अवघड कुठेही नाही, त्यामुळे अवघडपणा जाणवणे हीच चुकल्याची खूण आहे.

आदल्या दिवशी दुपारी खिंडीत पोहोचला असाल तर ओझे ठेवून उजेडात नीडलपर्यंत जाऊन यावे. दुसऱ्या दिवशीचा तासभर त्यात वाचतो. चढताना दर दहा-पंधरा मिनिटांनी मागे वळून वाट वरून कशी दिसते ते मनात ठसवावे, कारण संध्याकाळी तीच वाट उलट्या बाजूने ओळखायची असते. या घळींतील दगड सैल आहेत. वर दुसरी तुकडी असेल तर तिच्या बरोबर खाली थांबू नये, आणि आपल्या पायाखालून दगड निसटलाच तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करावे.

नीडलच्या वर आल्यावर दोन मार्ग वेगळे होतात. ओवेन-स्पॉल्डिंगसाठी तसेच वर अप्पर सॅडलकडे जायचे. एक्झमसाठी उजवीकडे मुख्य घळ ओलांडून, समोरच्या कड्यावर तिरकी चढत गेलेली रुंद फळी गाठायची. तीच वॉल स्ट्रीट. घळ ओलांडण्यापूर्वी थांबून पश्चिमेचे आकाश पाहावे. वादळे बहुधा पश्चिमेकडून येतात आणि एकदा एक्झम धारेवर गेलात की त्या दिशेचा बराच भाग शिखराआड जातो. निर्णय घेण्याची योग्य जागा हीच आहे.

अप्पर एक्झम

वॉल स्ट्रीट सुरुवातीला इतकी रुंद आहे की दोघे शेजारी शेजारी चालू शकतील. पुढे ती अरुंद होत जाते आणि धारेला भिडण्याच्या काही फूट आधी संपते. तुटलेल्या जागेखाली खोल दरी आहे आणि दृष्टिभय प्रखर आहे. एक्झमने इथे उडी मारली. आज ती मारण्याची गरज नाही. फळी संपण्याच्या बऱ्याच आधी दोर बांधावा, पक्का अँकर करावा आणि मग एकाने पलीकडे जावे. फळीची कड हातांनी धरून, पाय खालच्या कातळावर टेकवत सरकता येते, किंवा वरच्या पकडींनी पाऊल टाकून जाता येते. चाली सोप्या आहेत. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की हा आडवा टप्पा आहे. इथे मागून येणारा घसरला तर तो लंबकासारखा झोका घेत कातळावर आदळेल, म्हणून पुढे गेलेल्याने अवघड जागा ओलांडल्यावर लगेच एक कॅम किंवा नट लावावा. त्याचा उपयोग त्याला स्वतःला नाही, सोबत्याला आहे. बऱ्याच जोड्या नेमके हेच विसरतात.

धारेवर आल्यावर सूर्य भेटतो. बिलेच्या जागेवरून लगेच गोल्डन स्टेअर सुरू होतो. हा सोनेरी, गाठीगाठींचा उभा कातळ आहे. पकडी मोठ्या आहेत पण सुरक्षेची साधने लावायला भेगा कमी आहेत, त्यामुळे ज्या मिळतील त्या सोडू नयेत. त्यापुढे धार सोपी होते आणि वाट विंड टनेल या वाऱ्याच्या घळीतून वर सरकते. इथेच वेळ कमवायचा असतो. सोप्या भागात प्रत्येक तीस मीटरला थांबून बिले देणाऱ्या जोडीला माथ्यावर पोहोचेपर्यंत दुपार होते. दोर आखूड करून, दोघांमध्ये सतत दोन-तीन साधने कातळात लावलेली ठेवून, दोघांनी एकाच वेळी चढण्याची पद्धत इथे उपयोगी पडते. ती पद्धत खाली, सुरक्षित जागी शिकून यावी. या धारेवर तिचा पहिला प्रयोग करू नये, कारण एक घसरला तर दुसऱ्यालाही ओढतो.

फ्रिक्शन पिच हा मार्गाचा सर्वांत अवघड टप्पा मानला जातो. गुळगुळीतसर, छोट्या पकडींचा हा कातळ बुटांच्या तळव्यांवर विश्वास ठेवून चढायचा असतो. खालच्या भागात सुरक्षेची साधने विरळच लागतात, म्हणून जोडीतील अधिक स्थिर डोक्याच्या आरोहकाने लीड घ्यावी. कोरड्या कातळावर ५.५ श्रेणी योग्यच आहे. ओल्या किंवा गोठलेल्या कातळावर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. त्यानंतरची व्ही पिच दोन भिंतींच्या कोनातून चढते. कातळ भक्कम आहे, भेगा चांगल्या आहेत आणि पायाखाली हजारो फूट हवा आहे. माझ्या मते संपूर्ण मार्गावरचा सर्वांत आनंददायक टप्पा हाच. तिथून पुढे छोटे छोटे कातळाचे अडथळे आणि अरुंद धार ओलांडत माथा येतो.

वेळेचे गणित साधारण असे ठेवावे: सकाळी आठपर्यंत वॉल स्ट्रीटच्या टोकापलीकडे, दहाच्या आसपास व्ही पिचवर आणि अकरापर्यंत माथ्यावर. आठऐवजी दहा वाजता वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी रांगेत उभे असाल, तर त्या दिवशी मार्ग बदलावा. चांगल्या हवामानात इथे गर्दी होते आणि पुढच्या तुकडीचा वेग आपल्या हातात नसतो.

ओवेन-स्पॉल्डिंग

अप्पर सॅडल सुमारे १३,१६० फुटांवर, मुख्य शिखर आणि एन्क्लोजर यांच्यामध्ये आहे. इथे दोर बांधावा. मार्ग उत्तरेकडे आडवा जातो. आधी बेली रोल लागतो. इथे कड्यापासून सुटलेल्या एका मोठ्या कपच्याला बिलगून पलीकडे जायचे असते. मग येतो क्रॉल, म्हणजे वरून छत पुढे आलेली अरुंद फळी. काही जण ती रांगत पार करतात, काही जण फळीची कड हातांनी धरून बाहेरून सरकतात. दुसरी पद्धत सोपी पडते. खाली व्हॅलहाला कॅन्यनपर्यंत काहीही आडवे येत नाही, म्हणून चाल कितीही सोपी वाटली तरी दोघांमध्ये साधने लावलेली असावीत.

पुढे डबल चिमनी येते. ५.४ ही श्रेणी तिचीच आहे. बर्फ असेल तर मार्गावरचा खरा झगडाही इथेच होतो. तिच्या वर ओवेन चिमनी आहे. ती बर्फाने भरलेली असल्यास कॅटवॉक या तिरक्या फळीने वळसा घालता येतो. नंतर सार्जंट्स चिमनी आणि शेवटी धोंड्यांवरून माथा. अप्पर सॅडलपासून कोरड्या कातळावर दीड ते अडीच तास लागतात.

लोअर एक्झम आणि इतर धारा

धारेची खालची बाजू १९३६ साली जॅक डुरान्स आणि केनेथ हेंडरसन यांनी चढली. लोअर एक्झमची श्रेणी ५.७ असून तिचा ब्लॅक फेस हा गडद कातळाचा टप्पा विशेष प्रसिद्ध आहे. पायथ्यासाठी काळी पट्टी ओलांडल्यावर उजवीकडे वळावे लागते. सहा-सात पूर्ण लांबीच्या टप्प्यांनंतर हा मार्ग वॉल स्ट्रीटच्या टोकाशी अप्पर एक्झमला मिळतो. त्यामुळे पूर्ण धार करणाऱ्याने वरच्या अर्ध्या भागासाठी लागणारा वेळ आधीच राखून ठेवावा. तिथून वॉल स्ट्रीटने घळीत उतरता येते, त्यामुळे उशीर झाल्यास अर्ध्यावर थांबण्याची सोय आहे. पेट्झोल्ट आणि अंडरहिल या धारा साधारण याच दर्जाच्या आहेत. उत्तर धार आणि उत्तर कडा ही थंड, बर्फाळ आणि गंभीर चढाई आहे, त्यांचा विचार इथे केलेला नाही.

विजा

२६ जुलै २००३ रोजी दुपारी एक्झम धारेवर फ्रिक्शन पिचच्या माथ्याशी असलेल्या मोठ्या तुकडीवर वीज पडली. एका आरोहक महिलेचा जागीच मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी होऊन दोरावर लटकले. रेंजरांनी हेलिकॉप्टरला दोराने लटकून त्यांना सोडवले. २१ जुलै २०१० रोजी शिखराच्या वरच्या भागातील अनेक तुकड्या विजांच्या तडाख्यात सापडल्या आणि एकाचा जीव गेला. दोन्ही घटना जुलैमधल्या, म्हणजे ऐन हंगामातल्या आहेत.

सकाळी निरभ्र आकाश होते याला काही किंमत नाही. दहाच्या सुमारास पांढरे ढग उभे वाढू लागले की उरलेल्या वेळेची मोजणी सुरू करावी. गडगडाट ऐकू येण्याची वाट पाहू नये. धारेवर अडकलात तर उंचवट्यावरून आणि सुळक्याच्या टोकावरून खाली सरकावे, छताखालच्या उथळ कपारीत बसू नये, एकमेकांत अंतर ठेवावे आणि अँकरला बांधलेलेच राहावे, कारण विजेच्या धक्क्याने माणूस फेकला जातो. मोठ्या तुकडीचा वेग नेहमीच मंद असतो. तिघांपेक्षा जास्त जण असतील तर स्वतंत्र जोड्या कराव्यात.

उतरण

माथ्यावर पोहोचताना निम्मे श्रम झालेले असतात. पश्चिमेकडे दगडांच्या खुणा पाहत उतरावे आणि सार्जंट्स चिमनीचा माथा शोधावा. तिथून काळजीपूर्वक उतरता येते, पण पाय थकले असतील किंवा बर्फ असेल तर छोटा रॅपल घ्यावा. त्यानंतर दक्षिणेकडे, म्हणजे उतरताना डावीकडे सरकून मुख्य रॅपलचा अँकर गाठावा. उताराच्या ओढीने सरळ खाली जाण्याचा मोह इथे होतो, आणि तसे केल्यास माणूस नको त्या कड्याच्या काठावर येतो. अँकर दिसत नसेल तर थांबून शोधावे.

मुख्य रॅपल सुमारे १२० फुटांचा (३७ मीटर) आहे आणि त्याच्या खालच्या भागात पाय कातळाला टेकत नाहीत. दुहेरी केलेला ६० मीटरचा एकच दोर तीस मीटरच पोहोचतो, म्हणजे तो अपुरा आहे. ७० मीटरचा दोर ताणासह अगदी काठावर येतो, आणि त्याचे टोक जमिनीला लागते की नाही हे दोराच्या प्रत्यक्ष लांबीवर अवलंबून राहते. जुना दोर आखडून एक-दोन मीटर कमी झालेला असतो. म्हणून दोन दोर न्यावेत, किंवा दुसऱ्या जोडीशी आधीच बोलून दोर जोडून घ्यावेत. काहीही असो, दोराच्या दोन्ही टोकांना गाठी माराव्यात आणि प्रूसिक लावूनच उतरावे. वारा असेल तर दोर खाली फेकू नये, तो उडून कातळात अडकतो. तो पिशवीत भरून किंवा खोगिरासारखा कमरेच्या हार्नेसला अडकवून उतरता उतरता सोडत जावे. शेवटच्या माणसाने निघण्यापूर्वी खाली पोहोचलेल्याकडून दोर ओढून तो सरकतो याची खात्री करून घ्यावी.

रॅपल अप्पर सॅडलजवळ उतरवतो. तिथून लोअर सॅडलपर्यंतच्या घळींमध्ये पुन्हा तोच गोंधळ समोर येतो, आता थकव्यासह. काही घळी वरून सोप्या दिसतात आणि खाली कड्यावर संपतात. पहाटे मागे वळून पाहिलेल्या खुणा इथे कामाला येतात. पश्चिमेकडे भलतेच सरकत असल्याची शंका आली, तर थोडे वर चढून मध्यवर्ती धार आणि नीडल पुन्हा नजरेत घ्यावीत. लोअर सॅडलपर्यंत हेल्मेट काढू नये.

खिंडीपासून वाहनतळापर्यंत जवळपास ५,००० फूट उतरायचे असते. मोरेनवरचा तळ आवरून निघायला चार-पाच वाजले तर धोंड्यांची रास उजेडी ओलांडता येते. त्याहून उशीर झाला आणि परवान्यात आणखी एक रात्र असेल, तर तिथेच राहावे. दिवसाच्या चढाईची नोंद उद्यानात कुठेही होत नाही, त्यामुळे तुम्ही परतला नाहीत हे आपोआप कुणाला कळत नाही. मार्गाचे नाव, वाहनाचा क्रमांक, सोबत्यांची नावे आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास उद्यानाला फोन करायचा ती वेळ, हे सारे एका विश्वासू माणसाकडे लिहून द्यावे. दरीत मोबाइलच्या संपर्काची हमी नसल्याने उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे उपकरण सोबत ठेवावे आणि वाहनतळावर पोहोचताच पहिला निरोप त्या माणसाला द्यावा.